मागची चाकं घ्यावीत की न घ्यावीत

मु. पो. सणसर, सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप प्रयागआत्यांच्या पायांवर मानसिंगचं डोकं, आणि मामांना वेगळा, अर्ध्यात वाकून केलेला नमस्कार (कंबर सध्या तेवढीच परवानगी देते).

तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होता की डावा ऐकतो आणि उजवा ऐकत नाही. उजवा ऐकायला लागला असेल तर डाव्यावर लक्ष ठेवा, ही दुखणी आळीपाळीनं येतात. मामांची साखर उतरली का? साखर कारखान्याच्या सावलीत घर बांधायचं आणि चहा मात्र बिनसाखरेचा प्यायचा, हे नशीब दुश्मनाला येऊ नये. इकडे माणसं, जनावरं आणि डाळिंबाची बाग तिन्ही ठणठणीत. छबू तुमची आठवण काढते (तुम्ही दिलेली लोखंडी कढई धुताना जास्त काढते, जड आहे ना). आणि मी तर आत्या, इतका खुशीत आहे की परवा आमटीत चुरायची भाकरी पाण्याच्या तांब्यात चुरली आणि खाऊनही टाकली. छबू म्हणाली, डॉक्टरला दाखवून या. तर काय झालंय ते आधी तुम्हाला सांगतो. फोनच करणार होतो, पण तुम्ही "काय? काय?" करत स्पीकर लावता आणि मग सोमेश्वरनगरचं अर्धं गाव आमच्या माजघरात येऊन बसतं. व्हॉट्सअॅपचं तर नावच नको, मागं एकदा तुमच्यासाठी म्हणून पाठवलेला मूळव्याधीचा उपाय घराण्याच्या ग्रुपवर गेला आणि व्याह्यांनी त्याला अंगठा दाखवला. म्हणून हे पत्र.

आत्या, बसून घ्या. बसला असाल तर भिंतीला टेकून घ्या. मी स्पोर्ट्स कार घेतोय!

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ते मला लिहिता येतं पण म्हणता येत नाही, आणि शोरूमवाले प्रत्येक वेळी हसून दुरुस्त करतात. परदेशी गाडी आहे, बुटकी, रुंद, माणसं दोनच बसतात. शेजारी शेळी उभी राहिली तर तिला टपावरून पलीकडचं दिसेल. तुम्ही म्हणाल, मान्या, मिशा पांढऱ्या झाल्या आणि आता हे खूळ? व्हय आत्या, आत्ताच! पोरं मार्गाला लागली, यंदा बाग अशी साधली की व्यापारी बांधावर येऊन हात जोडून उभे राहिले, आणि आयुष्यभर मी चालवलं काय? बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग पिकअप. प्रत्येकाच्या मागं कायम काहीतरी: कडबा, खत, डाळिंब, वरात, एकदा तर म्हैस. पुण्यात शोरूममध्ये मी त्या गाडीभोवती फेरी मारली, मागं वाकून बघितलं, आणि आत्या, तिला मागं काही जोडायला हूकच नव्हता! मला तिथंच भरून आलं. चालवायला दिली तर पायाचं नुसतं बोट टेकवलं आणि सीटनं पाठीत धपाटा घातला, तुम्ही लहानपणी घालायचा तस्सा. मी ओरडलो. शेजारी बसलेली शोरूमची मुलगी श्रेया, तीही ओरडली (ती वेगळ्या कारणानं).

घरी सांगितलं तेव्हा छबूनं एकच विचारलं, डिकीत डाळिंबाची किती कॅरेट बसतील? मी म्हणालो, हिची डिकी पुढं असते. मग इंजिन? इंजिन मागं. ती म्हणाली, म्हणजे उलटी आलीय, परत करा. तेवढं सोडलं तर तिचा विरोध नाही. ती म्हणते, दारूपेक्षा बरं.

आता अशी गाडी म्हणजे आपल्यासारखं दुकानात जाऊन उभी असेल ती ओढून आणायची, असं नसतं. ती सांगून बनवून घ्यायची, जसे आपण पूर्वी सोनाराकडं बसून दागिने घडवायचो. रंग सांगा, सीटचा दोरा कुठल्या रंगाचा ते सांगा, इतकंच काय, नाक वर उचलायचं बटण पाहिजे का ते सांगा. बटण दाबलं की गाडीचं पुढचं नाक वर होतं आणि ती गतिरोधकावरून अलगद जाते. ते मी श्रेयाचं वाक्य पुरं व्हायच्या आत घेतलं. सणसर ते बारामती रस्ता तिला माहीत नाही, मला माहीत आहे. सगळं कसं झरझर ठरत गेलं आणि शेवटी एका जागी येऊन गाडं अडलं, ते अजून अडलेलंच आहे. श्रेया म्हणाली, सर, मागची चाकं वळणारी पाहिजेत का?

हे नीट समजून घ्या आत्या, कारण तुमचा निकाल मला पाहिजे आहे. साध्या गाडीची पुढची चाकं वळतात, मागची नुसती मागं मागं येतात. ह्या गाडीत जादा पैसे भरले की मागचीही जराशी वळतात. गाडी हळू असेल तर पुढच्यांच्या उलट्या बाजूला वळतात, म्हणजे अडचणीच्या जागेत गाडी पटकन फिरते. आणि गाडी जोरात असेल तर पुढच्यांच्याच बाजूला वळतात, म्हणजे ती रस्त्याला धरून राहते. श्रेयानं हे मला तीनदा इंग्रजीतून सांगितलं तोवर कळलं नाही. मग एकदम डोक्यात उजेड पडला: ही तर भावकी! घरात सावकाश चाललं असेल तर एकानं डावीकडं म्हटलं की दुसऱ्यानं उजवीकडं जायचं, आणि गावापुढं इज्जतीचा प्रश्न आला, सगळं जोरात सुटलं, की मुकाट्यानं एका दिशेला. मी हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, सर, हे मी पुढच्या गिऱ्हाइकाला सांगू का? सांग म्हटलं.

पण पैसे! त्या मागच्या चाकांच्या वळण्याच्या पैशात बारामतीत चांगला, फारसा न वापरलेला ट्रॅक्टर येतो. आणि घेतलं नाही तर नंतर बसवून मिळत नाही, कारखान्यातूनच बसून यावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं, मग ऑर्डरला कुलूप. मोबाईलवर दोन परदेशी तज्ज्ञ बघितले. एक म्हणाला, ह्याशिवाय गाडी घेऊच नका. दुसरा म्हणाला, चालवणाऱ्याला फरक कळतसुद्धा नाही. (दोघांनाही टक्कल होतं, त्यामुळं जास्त अनुभवी कोण ते ठरेना.)

आता तुम्ही म्हणाल, मान्या, तुला एवढं वळायचंय कुठं? तेच तर सांगतोय. कालव्याच्या रस्त्यावरून आपल्या घराकडं येणारा बोळ आठवतो ना? बोळ संपतो तिथं समोर इंद्रजितची भिंत, आणि तिच्या पुढ्यात डावीकडं वळलं की माझं अंगण. भिंत त्यानं त्याच्याच हद्दीत बांधली, कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही (मी शोधली होती). तुमचा हा धाकटा भाचा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि मी, आमच्यात चार-पाच वर्षं बोलणं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवात कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून झाली, की पाळी नुसतं निमित्त आणि खरं कारण त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात मला दुसऱ्या पंगतीला बसवलं हे, ते आता दोघांनाही छातीठोक सांगता येत नाही. पण एकदा बंद पडलेलं बोलणं बंद ठेवावं लागतं, नाहीतर लोक म्हणतील, एवढी वर्षं मग काय उगीच होतं का?

तर मी अंगणात फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून तो बोळ, ती भिंत आणि ते वळण जसंच्या तसं आखलं. श्रेयाकडून गाडीची मापं घेतली होती. प्लायवूडचा तुकडा गाडीएवढा कापला आणि छबूला पुढून धरायला लावून मी मागून धरला, आणि आम्ही दोघं भर दुपारी अंगणात वळत होतो. (छबूनं शेवटी शेवटी तोंडानं हॉर्नही वाजवला, तिला आवडायला लागलंय.) निष्कर्ष असा निघाला की मागची चाकं वळणारी असतील तर गाडी एका दमात अंगणात येते. नसतील तर भिंतीपाशी थांबून एकदा मागं घ्यावी लागते आणि मग येते.

एकदाच! तुम्ही म्हणाल, मग घे की एकदा मागं, त्यासाठी ट्रॅक्टरच्या पैशाचा चुराडा? आत्या, भिंतीपलीकडं काय आहे? इंद्रजितचा ओटा. ओट्यावर काय आहे? इंद्रजितची खुर्ची. म्हणजे मी रोज ती झळझळीत गाडी घेऊन रुबाबात यायचं, त्याच्या नाकासमोर अडायचं, मागं सरकायचं, आणि तो खुर्चीत मांडी घालून चहात कडक बटर बुडवत बघणार. बोलणार काही नाही. नुसतं बटर बुडवणार. ते मला सहन होणार नाही. त्यापेक्षा पैसे गेलेले परवडले. ही खरी गोष्ट, मी तुमच्यापाशी लपवत नाही.

तरी माणूस मी हिशोबी. म्हटलं, मागून वळणारी गाडी चालवल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत. शोरूमच्या चालवायला द्यायच्या गाडीला ती सोय नव्हती. आणि मग मला आठवलं, मागून वळणारं वाहन तर आपल्या शिवारात उभंय! गहू काढायचं हार्वेस्टर! त्याची पुढची चाकं सरळच असतात आणि मागची वळतात. मशीनवाला संभाजी आमच्याच शेजारच्या रानातला गहू काढत होता. त्याला गळ घातली, तर तो म्हणाला, "तात्या, तुमच्या गाडीचं मला म्हाईत न्हाय, पण हिचं शेपूट लई बाहेर जातंय." मी म्हणालो, तेच बघायचंय मला. पुढचं कापणीचं पातं त्यानं काढून बाजूला ठेवलं होतं, त्यामुळं मशीन बोळात कसंबसं मावत होतं. वर चढून बसलो. आत्या, काय ती उंची! काय तो वारा! लोकांच्या गच्चीवरचं वाळवण दिसत होतं. बोळातून दिमाखात आलो, वळणापाशी आलो, चाक डावीकडं फिरवलं, आणि पुढचं तोंड असं नजाकतीनं माझ्या अंगणाकडं वळलं की मी खुशीनं ओरडलो, "घ्यायची! मागची चाकं घ्यायची!"

त्याच वेळी मशीनचं शेपूट उजवीकडं गेलं आणि इंद्रजितची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत झोपली.

धुरळा बसला तेव्हा ओट्यावर इंद्रजित उभा. हातात कपबशी, कपात धुरळा. मला वाटलं, आता काही खरं नाही. आता पोलीस, आता मोजणी, आता तुमच्या आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. तो विटांवरून चालत आला, मशीनखाली उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "दादा, कुठं लागलं न्हाय न्हवं तुला?"

आत्या, मी वरच्या वर रडलो. लपवत नाही. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि ते हे. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं वाकून मागच्या चाकांकडं बघितलं आणि विचारलं, "आन् ही मागनं वळती व्हय?" झालं! मी उतरलो आणि आम्ही दोघं त्या विटांवर बसलो. त्याला सगळं सांगितलं, मोबाईलमध्ये गाडी दाखवली, ती बोटानं गोल फिरते ते दाखवलं. त्यानं ती एवढी फिरवली की बॅटरी संपली. त्याला गाडीचं आधीच ठाऊक होतं (बायकांचं आपापसात बोलणं कधीच बंद नव्हतं, हे आम्हा दोघांना त्या दिवशी कळलं). रंग लाल नको म्हणाला, भडक दिसतो. दुसऱ्या पंगतीचा विषयही निघाला. तो म्हणाला, दुसऱ्या पंगतीला जिलबी गरम होती म्हणून तुला थांबवलं.

आणि उठता उठता त्यानं घोटाळा केला. म्हणाला, "भित पडलीच हाय. नवी बांधताना दोन हात आत घेतो. तुजी गाडी एका दमात वळंल. तू त्या मागच्या चाकाच्या नादी लागू नको."

आता बघा माझी पंचाईत. मागची चाकं घेतली तर इंद्रजित म्हणणार, मी आपणहून जागा सोडली आणि ह्यानं ती नाकारून यंत्र विकत घेतलं, एवढा मी परका? नाही घेतली तर रोज वळताना त्याच्या दोन हात जागेवरून जायचं, आणि जन्मभर त्याच्या उपकाराखाली राहायचं. मागं कधी वाटलं नव्हतं की ह्या भाषेत विचार करावा लागेल: गाडी पुढून वळावी की मागून, हा प्रश्न आता गाडीचा राहिलाच नाही. तुम्ही आम्हा दोघांच्या एकाच नात्याच्या. दोघांचे कान तुम्हीच पिळलेत. तेव्हा शुक्रवारच्या आत एका ओळीत कळवा, हो की नाही. हे पत्र सोपानराव दूधवाल्यांच्या हाती देतोय, त्यांची लेक तुमच्याच आळीत दिली आहे, ते परवा तिकडं येणार आहेत.

मामांना सांगा, गाडी आली की त्यांना कारखान्याच्या गेटपर्यंत एक फेरी. घरातल्या लहानांना पापे, मोठ्यांना नमस्कार, आणि गुडघ्यांना माझ्या नावानं तेल लावा.

तुमचाच,
मानसिंग

ता. क. सोपानरावांची गाय व्यायली, त्यामुळं ते परवा आले नाहीत आणि हे पत्र खुंटीवरच राहिलं. आज शुक्रवार. श्रेयाचा फोन आला तेव्हा मी पिकअप घेऊन बोळातच उभा होतो आणि समोरून इंद्रजितचा ट्रॅक्टर आला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. मी पिकअप मागं घेत घेत अंगणापर्यंत आणली, तो गेला. आणि आत्या, सगळं लख्ख दिसलं! दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं घेता येत नाही. तेव्हा समोरासमोर आलो की मागं मीच घेणार, आणि मागची चाकं वळणारी असली की उलटी जातानाही ती गाडी कशी अंगणात शिरेल! म्हणजे त्याची जागा नको म्हणून नव्हे, त्याला वाट द्यायला म्हणून घ्यायची. श्रेयाला ओरडूनच सांगितलं, घाला मागची चाकं! तिनं कुलूप लावलं. तेव्हा तुमच्या उत्तराची आता गरज नाही, गुडघ्यांचं मात्र कळवा.

ता. क. दुसरा. रविवार. हे मी इंद्रजितला जाऊन सांगितलं. वाटलं, गळ्यात पडेल. तो भडकला. म्हणाला, "थोरला असून तू मागं घ्यायची? लोकं मला काय म्हणतील? मी घीन मागं!" मी म्हणालो, बाबा, दोन ट्रॉल्या? तो म्हणाला, दाखवतो. आणि दोन्ही ट्रॉल्या जोडून सगळ्या आळीसमोर बोळात उलटा निघाला. पहिली ट्रॉली डावीकडं गेली, दुसरी उजवीकडं, आणि ट्रॅक्टर दोघींच्या मधे आडवा होऊन बसला. कुणाला लागलं नाही, पण बोळ बंद आहे. आमचं दूधसुद्धा बांधावरून जातंय.

ता. क. तिसरा, आणि खरं काम. कालपासून आमचं बोलणं परत बंद आहे. तो म्हशीला वैरण टाकताना मोठ्यानं म्हणतो की थोरल्यानं मागं सरायचं नसतं. मी कुत्र्याला भाकरी टाकताना म्हणतो की भरल्या गाडीला वाट द्यायची असते. कुणी ऐकायला तयार नाही. तुम्ही आल्याशिवाय हे सुटत नाही. कालव्याच्या रस्त्यावर उतरा, तिथून आम्ही दोघं तुम्हाला खुर्चीत बसवून उचलून आणू (खुर्ची त्याची, मी विचारलं नाही, पण देईल). हे पत्र घेऊन सोपानराव आजच तिकडं येतायत, तेव्हा उद्याच निघा आत्या. आपल्या घराण्यात वाट देण्यावरून भांडण पहिल्यांदाच लागलंय, आणि चार दिवस उशीर केलात तर मिटून जाईल, तुमचं बघायचं राहील.